मिनिटाचं बटण

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात आमच्या समोरच्या घरात गंधाली, तिचे वडील अनंतराव आणि एक लॅपटॉप राहतात. लॅपटॉपला मी माणसांत मोजते, कारण त्या घरात हुकूम त्याचाच चालतो.

अनंतरावांनी रेल्वेत उभा जन्म मालगाडी चालवली. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत लकव्याने डावी बाजू गेली. बायको आधीच गेलेली. उजव्या हाताशी स्टीलचा एक ग्लास असतो. काही लागलं की तो खाटेच्या दांडीवर वाजवायचा. शेजारच्या खोलीत गंधाली हैदराबादच्या एका कंपनीचं काम करते आणि ग्लास वाजला की धावते. ही नोकरी घरबसल्या आहे म्हणून बापलेक एकत्र आहेत. ती सुटली तर पोरीला रायपूर सोडावं लागेल आणि बापाला परक्या बाईच्या हाती द्यावं लागेल. हे दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर दोघंही बोलत नाहीत.

मे महिन्यात एका दुपारी मी कढीची वाटी घेऊन गेले, तर आतून घरघर ऐकू येत होती.

"काय गं, मिक्सर काहून चालू ठेवला?"

"मिक्सर नाही काकू, लॅपटॉप आहे. सकाळपासून पागल होऊन राहिला."

तिने टास्क मॅनेजर दाखवला. प्रोसेसर शंभर टक्के भरलेला, आणि त्यातले नव्वदच्या वर एकटीच एक सर्विस खात होती. "मी काम करून राहिली का नाही, ते पाहणारी आहे ही. कंपनीनं टाकलेली. दिसत नाही, मागं मागं चालते."

"मग बंद कर ना मेलीला."

तिने केली. यादीतून नाव गेलं आणि मी वाटी खाली ठेवते न ठेवते तोच परत वर येऊन बसलं. "अशीच बनवली आहे," गंधाली म्हणाली. "मारली का पुन्हा उभी होते."

कंपनीच्या मदतकक्षातला गौतम फोनवर होता. "दीदी, मैं यहाँ से देख लेता हूँ, आप बस ओके दबाइए." पण ओके दाबायची खिडकीच उघडेना, कारण प्रोसेसर भरलेला. वर आणखी गंमत अशी की थोडा वेळ एकही बटण दाबलं नाही, तर हीच सर्विस गंधालीची गैरहजेरी लावणार. स्वतः छातीवर बसायचं आणि ही हलत नाही म्हणून तक्रारही स्वतःच करायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

शेवटी गौतमने त्याच्या बाजूने पाहून निदान केलं. सर्विस पडद्याचे फोटो काढून ऑफिसला पाठवायची. मध्ये ऑफिसने फोटो पाठवायचा पत्ता बदलला, हिच्या लॅपटॉपला तो कळलाच नाही. न पोचलेल्या फोटोंचा ढीग साचला आणि सर्विस तो सगळा पुन्हा पुन्हा पाठवायला बघत होती. उपाय सोपा होता: तिकडूनच सर्विस थांबवायची, ढीग पुसायचा, नवा पत्ता देऊन चालू करायची. पण थांबवायला गंधालीच्या वरिष्ठ रुचिता मॅडमची परवानगी हवी, आणि मॅडम मीटिंगमध्ये. तोवर गंधालीने बटण दाबत बसायचं.

तेवढ्यात ग्लास वाजला. अनंतरावांच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. गंधालीचं एक बोट बटणावर, डोळे दाराकडे. मीच त्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"हे तं आमच्या इंजिनात होतं! ड्रायव्हर जागा आहे का नाही, पाह्याले बटण. मिनिटाले दाबा, नाही तं भोंगा वाजते, मंग ब्रेक लागते. आण तो डब्बा इकडं. तू पोळ्या टाक, पोट्टी."

लॅपटॉप पाटावर ठेवून त्यांच्या उजव्या हाताशी दिला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली. सेकंदकाटा बारावर आला की अंगठा पडायचा. गंधालीने घास भरवला तरी नजर घड्याळावरच. आजारपणानंतर त्यांना इतकं खूश मी पहिल्यांदाच पाहत होते.

"थोडं मागंपुढं झालं तरी चालते हो," मी चिडवलं.

"नाही चालत," ते म्हणाले.

संध्याकाळी परवानगी आली, गौतमने ढीग पुसला, घरघर थांबली. आम्ही चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिता मॅडमचा फोन आला, तेव्हा मी कढीची वाटी परत न्यायला गेले होते. स्पीकर चालू होता.

"कल दोपहर हर मिनट पर एक ही बटन दबा है, ठीक उसी सेकंड पर. इंसान ऐसे नहीं दबाता, गंधाली. कौन-सी मशीन लगाई थी?"

"मशीन नहीं मैडम. मेरे पापा थे."

"मतलब कंपनी का लैपटॉप बाहर के आदमी के हाथ में?"

इकडे आड, तिकडे विहीर. यंत्र म्हणावं तर लबाडी, बाप म्हणावा तर गुन्हा. नोकरी गेली नाही, पण शेवटची ताकीद मिळाली: उद्यापासून दिवसभर कॅमेरा चालू, जेवणाच्या सुट्टीशिवाय खुर्ची सोडायची नाही.

भिंतीपलीकडून अनंतरावांनी विचारलं, "माह्यानं चुकलं का गं?"

"नाही बाबा. एकदाबी नाही चुकलं तुमचं," गंधाली म्हणाली. त्या न पाहिलेल्या बाईचा मला असा संताप आला की वाटी तिथेच विसरून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी समोरून ग्लास वाजल्याचं ऐकू आलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गंधालीने खिडकीतून हाक मारली. गेले, तर अनंतरावांची चादर कमरेपासून पायापर्यंत ओली, आणि ओली होऊन बराच वेळ झालेला. आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं. उशी उचलली तर खाली ग्लास.

"बाबा, वाजवला काहून नाही?" गंधालीने विचारलं.

"चालू गाडीत ड्रायव्हरले हाक नाही मारत, पोट्टी."

ती ओली चादर पोटाशी धरून रडली. मी दुसरी अंथरली. सुट्टी संपत आली होती. डोळे पुसून, न जेवताच ती खुर्चीवर जाऊन बसली. मी ग्लास त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांनी तो उचलला आणि पुन्हा उशीखाली सरकवला.