उस्तांची पेटी

कोणतंही कापड हातात आलं की उस्ता ते आधी उजेडात धरायचे. माझ्या नवऱ्याची गुडघ्यावर फाटलेली जीन्स असो की माझ्या पैठणीचा ब्लाउज, खिडकीशी न्यायचे, चष्मा कपाळावर सरकवून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "होईल. हळूहळू होईल." चेन बदलायचीही हळूहळू आणि बटण लावायचंही हळूहळू. मला सुरुवातीला वाटायचं, माणूस आळशी आहे. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

हॉलंडमधल्या उइटहॉर्नला आमच्या कोपऱ्यावर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी तुर्कस्तानातून कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. तुर्की गिऱ्हाइकं त्यांना 'उस्ता' म्हणायची, म्हणजे आपला उस्ताद. मीही तेच म्हणू लागले. मी पुण्यातली नोकरी सोडून नवऱ्याच्या मागोमाग आलेली, डच परीक्षेच्या अभ्यासाला लागलेली. दुसरी माणसं माझं पहिलं वाक्य संपायच्या आत इंग्रजीत शिरायची. उस्तांना इंग्रजी येत नव्हतं, हे माझं भाग्य. दोघांचंही डच लंगडं, त्यामुळे एकमेकांच्या आधाराने बरं चालायचं.

दुकानाच्या मागच्या खोलीत फळीवर एक लाकडी पेटी होती. एकदा त्यांनी ती उघडून दाखवली. आत उंटाच्या कातड्याच्या रंगीत बाहुल्या, इतक्या पातळ की पलीकडचं बोट दिसावं. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून त्यांचा सावल्यांचा खेळ करायचा. उस्ता तो वडिलांकडून शिकले होते. नवरा, बायको, म्हातारा, दारुडा, बढाईखोर, सगळ्यांचे आवाज एकट्याने काढायचे.

"एक पडदा, एक माणूस, एक श्वास," ते म्हणाले. "आमची रीतच आहे तशी."

"आमच्या कुडाळजवळही असा खेळ असतो, पिंगुळीला," मी फुशारकी मारली.

"हो? कसा करतात?"

पिंगुळी माहेरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर, आणि मी एकदाही गेले नव्हते. पिकतं तिथं विकत नाही, हे डचमध्ये कसं सांगायचं तेही सुचेना. उस्ता हसले नाहीत, त्यामुळे तर जास्तच लाज वाटली.

कोरोनाच्या पहिल्याच लाटेत ते आजारी पडले. पाच आठवडे हॉस्पिटलात होते. परत आले तेव्हा कोट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता आणि दोन वाक्यं झाली की दम लागत होता. लॉकडाऊनमुळे दुकान बंदच होतं. ते मागच्या खोलीत बसून मास्क शिवायचे, मी दारात उभी राहून गप्पा मारायचे. एक दिवस म्हणाले, "पेटी संग्रहालयाला देतोय. तिथल्या बाई कधीच्या मागतायत. काचेच्या कपाटात ठेवतील. तिथे श्वास लागत नाही."

मला रडू आलं आणि मी सरळ रडले. मास्कच्या आत रडणं किती गैरसोयीचं असतं, ते तुम्हाला आठवत असेल.

पण देण्याआधी एक शेवटचा, पुरा खेळ करायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दुसरा लॉकडाऊन उठल्यावरच्या उन्हाळ्यात द हेगच्या एका तुर्की मंडळाने आपला हॉल दिला. वेळ संध्याकाळी सातची. आता हॉलंडच्या उन्हाळ्यात दहापर्यंत लख्ख उजेड, आणि खेळाला हवा काळोख! उस्तांनी दुकानातला काळ्या अस्तराचा अख्खा तागा खिडक्यांच्या मापाने शिवून काढला. दीड वर्षात मी पहिल्यांदाच गाव सोडून खेळ बघायला निघाले होते, म्हणून जरा नटलेही होते.

ट्रेनमध्ये पेटी मांडीवर घेऊन ते म्हणाले, "सकाळी जावयाचा फोन आला. त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली. डफ तोच वाजवतो, बाहुल्या हातात तोच देतो." मग माझ्याकडे वळून, "मुली, तू बसशील पडद्यामागे?"

मी हो म्हटलं आणि नवऱ्याला फोन लावला.

"अगं, पण तुला टर्किश येतं तरी का?"

"बाहुल्या द्यायच्यात रे, प्रेझेंटेशन नाही करायचंय," मी म्हटलं. 

बाहुल्या दोरीवर ओळीने टांगल्या. उस्तांनी हनुवटी हलवली की पुढची द्यायची, एवढंच माझं काम. समोर दीड-दीड मीटरवर मांडलेल्या खुर्च्यांत चाळीसेक माणसं, बहुतेक म्हातारी. दिवा लागला. हळूहळू बोलणाऱ्या त्या माणसाच्या घशातून एक भांडकुदळ शेजारी निघाला, त्याच्या पाठोपाठ एक तोतरा म्हातारा. मी बघतच राहिले आणि तिथेच घात झाला. हनुवटी हलली, मी बायको द्यायची तर दारुडा दिला.

उस्तांच्या तोंडून बायकोचा आवाज आधीच सुटला होता. मग काय, मिशाळ दारुडा बायकी आवाजात नवऱ्याला फैलावर घेऊ लागला. हॉलमध्ये हशा पिकला. उस्तांनाही हसू आवरेना, हसता हसता ठसका लागला आणि दमच गेला. ओठ हलत होते, पण नुसती हवा येत होती. बाहुलीची काठी त्यांनी सोडली नाही. पडद्यावर दारुडा थरथरत उभा राहिला. हे माझ्यामुळे झालं, शेवटचा खेळ मी मोडला, याखेरीज मला काही सुचत नव्हतं. मी डफ उचलला आणि जो ठेका येत होता तो वाजवत राहिले, शाळेतल्या लेझमीचा.

तेवढ्यात समोरून एका आजींचा आवाज आला. त्यांनी बायकोचं पुढचं वाक्य म्हटलं होतं. कोपऱ्यातून कोणा आजोबांनी नवऱ्याचं उत्तर दिलं. ही सगळी माणसं लहानपणापासून हा खेळ बघत आलेली, त्यांना तो पाठ होता. उस्तांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि काठ्या हलवायला सुरुवात केली. आवाज समोरून, मास्कमधून जरासे दबलेले. बाहुल्या मात्र त्यांच्याच. शेवटपर्यंत तसंच चाललं. खेळ संपला की जिभेच्या चुकांची माफी मागायची त्यांची पद्धत आहे. ते वाक्य तेवढं उस्तांनी स्वतः म्हटलं, तुटत तुटत.

संग्रहालयाच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या सहीच्या कागदांची फाइल घेऊन पडद्यामागे आल्या. उस्ता पाणी प्यायले, त्यांनी श्वास जमवला.

"बाई, खेळ माझ्या एकट्याचा आहे असं मी समजत होतो. आता या चाळीस जणांना विचारावं लागेल."

बाईंनी फाइल पिशवीत टाकली आणि अस्तराच्या घड्या घालायला हात लावला.

परतीच्या ट्रेनमध्ये मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "पुढच्या वेळीही दारुडाच दे."

तो मी आणखी दोनदा दिला. मग हिवाळ्यात, पुन्हा लॉकडाऊनच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा, ते द हेगला लेकीकडे राहायला गेले. जाताना मला चुटपुटत्या भेटीतही डचच बोलायला लावलं. आठवड्याने मी सवयीने नवऱ्याचा अस्तर फाटलेला कोट घेऊन कोपऱ्यावर गेले. दुकान रिकामं होतं. दाराच्या काचेवर त्यांच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता, डचमध्ये आणि तुर्कीत:

"शिवणकाम बंद आहे. खेळ चालू आहे. आवाज पाहिजेत."