वाळ्याचे सारखे पट्टे
ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षे टाळली, पण काल कुंडीच्या ओल्या मातीत वाळा दिसला. नव्वदच्या दशकात, कुंड्यांतून जगभर घुसलेल्या या गांडुळासारख्या सापाच्या आनुवंशिक खुणा शोधायला माझ्या सहकारी बाईंनी श्रीगोंद्याच्या उसातून, सोनईच्या उकिरड्यांतून साप आणले. नगरच्या प्रयोगशाळेत सगळ्यांच्या डीएनएचे पट्टे हुबेहूब सारखे उमटले. “बाई, एकच साप सगळ्या नळ्यांत वाटलात? एका आईची लेकरंही इतकी सारखी नसतात!” मी सर्वांदेखत म्हणालो. “सर, येगयेगळे साप हायेत, मी सोता धरलेत,” रागानं गावच्या बोलीत बोलून त्या काम सोडून गेल्या. वाळ्यात नर लागतच नाही, मादी एकटीच हुबेहूब स्वतःसारख्या माद्या जन्माला घालते, हे मी नंतर वाचलं. त्या खऱ्या होत्या. मी त्यांच्या घरी गेलो, चहा प्यालो, ऊसतोडीचं बोललो, आणि माफी न मागताच उठलो.