डिंकासाठी किनवट, आणि विसाव्यातला धावडा

ताई बाळंत झाली आणि दुकानातला डिंक तुपात फुललाच न्हाई. दगडासारखा तसाच. आई म्हणाली, "किनवटच्या मावशीकडनं धावड्याच्या झाडाचा आण. जाशील का एकटी?" शाळा सुटल्यापासनं मी देवणीबाहेर एकटी गेलेच नव्हते. कंडक्टरला तिकीट मागताना पण माझा घसा सुकतो. तरी 'हाव' म्हणाले. घरात बसून जीव उबून गेलता.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली एसटी धरा. उदगीर, मग देगलूरवरून नांदेड. बायांना अर्धं तिकीट हाय. देगलूरच्या स्टँडवरचे भजे लई चांगले, पण गाडी निघायच्या आत गिळावे लागतात.

बाहेर बघितलं तर भर उन्हाळ्यात आभाळ काळं. पुढच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला, "आता ह्याला कोणता महिना हाय ते कळंना."

"तुम्हाला तरी कुठं कळतो, स्वेटर घालून बसलाव," त्याची बायको म्हणाली.

सगळे हसले. मला हसू येईना. मावशीनं फोनवर सांगितलतं, पाणी पडलं की डिंक झाडावरच विरघळतो.

नांदेडहून पुढं रेल्वेनं जा, हाडं वाचतात. जंगल लागलं की खिडकी सोडू नका. किनवटवरून मावशीच्या गावाला जीप, ती भरल्याशिवाय सुटत न्हाई. मी सारखी उतरायचे, आभाळ बघायचे, परत बसायचे. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, अशानं जीप लवकर भरंल का?"

पोचले आणि पाऊस सुरू.

सकाळी मावशीसंगं रानात गेले. तिथं घराघराची झाडं ठरलेली हायेत, दुसऱ्याच्या झाडाला कोणी हात लावत न्हाई. त्यातल्या निम्म्या झाडांना यंदा खाच पाडायची, निम्मी विसाव्याला ठेवायची. पुढल्या साली उलटं. खाचेतून डिंक येतो, उन्हानं वाळतो, मग खडा अलगद निघतो.

"होळी झाली की नुसतं ऊन असायचं," मावशी म्हणाली. "आता सालोसाल पाऊसच येऊन राहिला."

खाचांमधी काळं पाणी साचलेलं. खोडावर चिकट ओघळ. मावशीनं खरवडून खरवडून मूठभर काढला, तोपण काळपट.

"एवढ्यात बाळंतिणीचं काय होतंय?" असं म्हणून तिनं विसाव्याच्या झाडाकडं बघितलं. पांढरं, गुळगुळीत खोड. कुऱ्हाड हातात घेतली. "ह्यात भरलेला असंल. थोडं ऊन मिळालं की येईल."

"पण ह्याचा विसावा?"

"घरचे म्हणतात खाच पाड. व्यापारी म्हणतो पाड. मागल्या साली त्यांचं ऐकून त्या दोन झाडांचा विसावा मोडला." तिनं हात केला तिकडं दोन धावडे उभे होते. साल सुटलेली, खोडाला भुंगा लागलेला. "यंदा ऐकलं न्हाई. पण आपल्या ताईसाठी पाडते. मला कोण बोलणार हाय?"

मी डिंकासाठीच तर एवढ्या लांब आलते. ताईचं तोंड डोळ्यापुढं आलं.

"नको."

"आँ?"

"नको पाडू, मावशी!" जरा जोरातच निघालं.

मावशी माझ्याकडं वळली. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "अगं बया, बोलती हाय की ही!"

घरी आले. आईनं तेवढा मूठभर डिंक वाळवून तुपात टाकला. काही खडे फुलले, पांढरे झाले. काही काळेच राहिले. खारीक-खोबरं जास्त घालून आईनं लाडू वळले.

"एवढं फिरून हेच आणलंस?" ताई म्हणाली. तरी बोटं चाटून खाल्ला. मी झाडाचं काही सांगितलं न्हाई. सांगेन कधीतरी, तिचा राग गेल्यावर.

जायचं असंल तर किनवटला जरूर जा. डिंक मिळंल तेवढा घ्या, जास्त मागू नका.

मला फोनवर बोलायला अजूनपण लाज वाटते. पण आभाळ आलं की घरात पाय ठरत न्हाई. मीच मावशीला फोन लावते.

"पडला का?"

"पडून राहिला."

"विसाव्याच्या झाडाला खाच?"

"न्हाई पाडली, माय. बस आता खाली."

मग बसते.