मावशींचे खडक

समुद्राची वाटणी करून मोकळी झालेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाई; मी त्यांना मावशी म्हणतो. शेती आणि मिठागर प्रकल्पात गेल्यावर हे कुटुंब उरणकडचं गाव सोडून कामोठ्याला फ्लॅटमध्ये आलं. पण गावच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघडे पडणारे खडक मावशी आपल्याच मालकीचे समजत. त्यांना चिकटलेली कालवं त्या लहानशा कोयतीनं अशा अलगद सोडवत, की शिंपला उघडलाय हे आतल्या जिवालाही उशिरा कळावं. मोठ्या सुनेला मोठा खडक, माझ्या बहिणीला त्याच्या शेजारचा, अशी त्यांनी तोंडी वाटणीच केली होती. मोठ्या सुनेनं एकदा कालवणात चिंचेऐवजी टोमॅटो घातला, तर तिचा खडक दिवाळीपर्यंत जप्त झाला. कोणी पर्यटक फोटोसाठी वर चढला, की मावशी लांबूनच ओरडत, "उतर रे, तो माज्या सुनेचा हाय!" आणि तो बिचारा माफी मागत उतरे. एका भाऊबीजेला मलाही टॉवेल-टोपीऐवजी खडकच आहेर मिळाला. "बारका हाय, पन कालवं लय धरतो," त्या म्हणाल्या. "इकू नको मात्र!" पनवेलमध्ये मी भाड्यानं राहतो, माझी ही पहिलीच स्थावर मालमत्ता.

मग गेल्या वर्षी एका सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, किनाऱ्यावर तेल आलंय. आई ऐकतच नाहीत. गाडी काढ."

समुद्र दिसायच्या आधीच वास आला. वाळूत काळे गोळे पडले होते, एक बगळा पंख न उघडता नुसता उभा होता आणि सगळे खडक डांबर फासल्यासारखे. तेल कुठल्या जहाजातून सांडलं की पाइपातून, हे कोणी धड सांगत नव्हतं. मावशींनी पिशवीतून भांडी घासायची पावडर आणि काथ्या काढला, पदर खोचला आणि खडक घासायला बसल्या. मला क्षणभर हसू आलं. मग मीही काथ्याचा तुकडा घेऊन शेजारी बसलो. तळहाताएवढी जागा स्वच्छ झाली, तोवर भरती लागली आणि पाण्यावरचा तेलाचा तवंग तिच्यावर चढला.

"आई, उठा आता," बहीण म्हणाली.

मावशींनी एक कालव फोडलं, नाकाशी नेलं आणि टाकून दिलं. "घरात येऊन कोनी घान केली तर त्याला इचारता येतं," त्या म्हणाल्या. "हितं कोनाला इचारू?"

बहिणीनं काथ्या गोळा करून पिशवीत भरला.

पुढं माणसं आली, काळी वाळू गोण्यांत भरून घेऊन गेली. मावशींनी मात्र किनाऱ्याचं नावच टाकलं. त्यांच्या घरी कालवणाची चर्चासुद्धा थांबली. या हिवाळ्यात त्यांनीच फोन केला, "पावन्या, जरा नेतोस का?"

बहिणीलाही घेऊन आम्ही गेलो, तर खडक बरेचसे धुतले गेले होते; भेगांत अजून काळं होतं. त्यांच्या खडकाच्या कडेला नखाएवढी नवी कालवं धरली होती. मावशींनी त्यांच्यावरून हळूच बोट फिरवलं. मी कोयती पुढं केली.

"नको. बारकी हायत. जगू देत."

"पुढच्या वर्षी काढू, आई," बहीण म्हणाली.

"तुमी काढा," त्या म्हणाल्या आणि खडकावरून उतरण्यासाठी पहिल्यांदाच त्यांनी माझा हात मागितला.