हाक मारली, उत्तर टाकलं

आत्याला कामावरून हाकललं, ही बातमी दोन दिवसांत धाकट्या काकूपर्यंत पोचली. काकूने तीत पोलिसही घातले.

बातमी साफ खोटी होती. आत्या रजेवर होती, आणि रजा तिने स्वतः मागून घेतली होती. बातमी कुठून सुटली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती मीच सोडली. नकलेसकट.

नक्कल जमलीही झकास होती. आत्या खिडकीपाशी लॅपटॉप उघडून, चष्मा कपाळावर ढकलून, कागदावर पेन्सिलीने खुणा करत पुटपुटायची, "शून्य आलं, चला पुढे. एक आलं, परत करून बघ. दोन आलं, थांब बाई, थांब!" हे मी चुलतबहिणीला व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं आणि वर जोडलं, "नोकरी गेली ना, डोक्यावर परिणाम झालाय." मागे वळले तर दारात आत्या.

ती ओरडली नाही. म्हणाली, "परवा तू विचारलंस, कामावर का जात नाहीस. मी काय सांगितलं?"

मला आठवेना. ती बोलत होती तेव्हा माझं सगळं लक्ष तिच्या चष्म्याकडे.

"माझंही हेच झालं," ती म्हणाली.

आत्या सी भाषेत यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिते. त्यातलं एक यंत्र खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरायचं. काही बिघडलं की प्रोग्रॅम एरर हँडलरला, म्हणजे बिघाड सांभाळणाऱ्या भागाला, हाक मारतो आणि हँडलर एक आकडा परत देतो: शून्य म्हणजे पुढे जा, एक म्हणजे पुन्हा प्रयत्न कर, दोन म्हणजे थांब. एका ठिकाणी आत्याने हाक मारली, पण परत आलेला आकडा पाहिलाच नाही. सी भाषा त्यावर चकार शब्द काढत नाही. बाटली ओळखणाऱ्या सेन्सरची तार तुटली, हँडलरने दोन दिलं, आणि यंत्र बाटली नसतानाही औषध ओतत राहिलं. पॅकिंगच्या मावशी त्या चिकट फरशीवरून घसरल्या. मनगट मोडलं.

"साहेब तारेला दोष देत होते. मी उठून सांगितलं, तार तुटणारच, ऐकायचं काम माझं होतं. मावशींकडे गेले तर त्या म्हणतात, 'होतं गं असं.' मान वर करवेना."

म्हणून आता रजा घेऊन ती एकेक हाक तपासत होती. एकतीस हाका, त्यातल्या पाचांची उत्तरं वाऱ्यावर.

मी मान खाली घालून सॉरी म्हटलं. पण जीभ कुठली गप्प बसते! "कान मात्र माझा पक्का आहे हं, आत्या."

"लाव पैज. संध्याकाळपर्यंत मला जे विचारशील, त्याचं उत्तर ऐकून वागायचं. हरलीस तर रविवारी घरचे सगळे जेवायला जमतील, त्यांच्यासमोर खरं काय ते सांगायचं. नक्कल न करता."

"आणि जिंकले तर?"

"मी सांगेन. तुझं नाव न घेता."

चार वाजता मी ऐटीत तिच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"घेणार का म्हणून विचारलंस," ती म्हणाली, "मी काय म्हटलं?"

नको म्हणाली होती. दोनदा.

रविवारी सगळ्यांसमोर उभी राहिले. कान तापले, घसा तीनदा खाकरला, शब्द फुटेना.

"अगंबाई," काकू हसत म्हणाली, "ही कुणाची नक्कल?"