कुऱ्हाडीचा सीन
राळेगावच्या एसटीत माझ्या शेजारी एक मावशी बसली होती. मांडीवर वांग्यांची पिशवी, हातात मोबाईल. मागे अर्धी बस रिकामी होती, तरी बाजूला उभ्या एका गृहस्थाला टेकायला तिचाच खांदा सापडला.

मावशी ओरडली नाही. तिनं मोबाईलवर एका पिक्चरमधला तिचा ठरलेला सीन लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. हिरॉईन कुऱ्हाड घेऊन आपल्यावर अत्याचार करणाऱ्याच्या मागं धावत होती. मावशीनं मोबाईल गृहस्थाच्या तोंडासमोर धरला.

"भाऊ, दिसून राह्यलं ना बराबर?"

सगळी बस वळून बघू लागली. गृहस्थ थेट ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला.

मी हसत विचारलं, "मावशी, पिक्चरच्या शेवटी काय होतं?"

"मले काय माहीत, पोरी? शेवटपर्यंत कोनी थांबतच नाई!"