विमानाला वाट सांगणारा

मी ज्यांच्याकडून भाजी घेतो, त्या आसेगावच्या आजींचा थोरला भाऊ एकाहत्तरच्या युद्धात बॉम्बर विमानासह पडला. विमानाचा नेव्हिगेटर, पोरसवदाच होता, देहही सापडला नाही. कुणी ‘बिचारा’ म्हटलं, की आजी तराजू खाली ठेवतात.

“बिचारा काहून? थो वाट सांगे, तवाच इमान जाये.”

यंदा ग्रामसभेत त्यांनी शाळेसमोरच्या चौकाला भावाचं नाव मागितलं.

एकजण म्हणाला, “आजी, त्याले पाह्यलेलं गावात कोण राह्यलं आता?”

“मी हाव ना.”

आजींनी एकट्यांनीच हात वर केला. मग बायांचे हात वर गेले, मग साऱ्या सभेचे.

परवा फलकावरचा पडदा आजींनीच ओढला. सरपंचांनी श्रद्धांजलीसाठी माना खाली घालायला सांगितल्या.

“माना वर करा,” आजी म्हणाल्या. “थो वर होता.”

सगळ्या गावाने आभाळाकडे पाहिलं.